तिक काकांनी न मोजलेले

दीडशे. हा आकडा आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडून आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या तळ्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दीडशे काळतोंडे चमचे मोजून भरले, तर ते तळं वर्षभर पक्ष्यांचं. एक जरी कमी पडला तर तळं सरकारी कचेरीकडे जातं, आणि कचेरीकडे गेलं की त्याच्यावर या बांधापासून त्या बांधापर्यंत उन्हापासून वीज काढायच्या काळ्या काचा पसरतात. विजेशी माझं वैर नाही, वीज मलाही लागते. पण गोदामांची एवढी छपरं रिकामी पडलीत ती कुणाला दिसत नाहीत, पक्ष्यांचं ताट मात्र बरोबर दिसतं.

चमचा म्हणजे पांढराशुभ्र पक्षी. तोंड काळं, चोच भात वाढायच्या डावासारखी. थंडी लागली की कोरियाकडून खाली आमच्याकडे येतो आणि उथळ पाण्यात डाव घालून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत चालतो, काहीतरी हरवल्यासारखा.

मागच्या शरदात उत्तरेचं तळं गेलं. एकशे एकोणचाळीस भरले. अकरा कमी. कचेरीच्या पायऱ्यांवर मी डोकं धरून बसले होते, तरी वार्ताहरांना ठणकावून सांगितलं, "आमचा मोजणारा एक पक्षी वाढवत नाही. हरलो तर खऱ्यानं हरलो." हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं. यंदा राहिलं होतं फक्त दक्षिणेचं तळं.

मोजणारे म्हणजे आमचे तिक काका. पूर्ण नाव आँग बान-तिक, वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याला. आमच्या गावात दूधमाशाची तळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आता माशाची पिल्लं कारखान्यात निघतात आणि मापानं विकली जातात. काकांच्या लहानपणी ती समुद्रातून जाळीनं गाळून आणायची आणि एकेक मोजून विकायची. पिल्लू म्हणजे काय, बोटाच्या पेराएवढा पाण्याचा धागा आणि त्याला दोन काळे डोळे. मोजणारा घमेल्याशेजारी उकिडवा बसायचा, पांढऱ्या वाडग्यात चार-पाच पिल्लं उचलून दुसऱ्या घमेल्यात सोडायचा आणि आकडा गाऊन म्हणायचा, म्हणजे समोर बसलेल्या घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही ऐकू जायचा. शंभर झाले की बांबूची एक काडी टाकायची. काका दहाव्या वर्षी आत्याच्या हाताखाली बसले ते अडतिसाव्या वर्षी उठले. घेणारा म्हणायचा तिकला बोलवा, विकणाराही म्हणायचा तिकलाच बोलवा. भांडणाऱ्या दोन माणसांना एकच माणूस हवा असणं म्हणजे काय, ते माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला विचारा.

मग कारखाना आला आणि धंदा बसला. काका कालवं फोडायला लागले. बायको गेल्यावर दुपारचे बांधावर येऊन बसायचे. तिथंच मला ते सापडले, सहा वर्षांपूर्वी. चमच्यांकडे बघत हलक्या आवाजात गात होते. जवळ गेले तर गाणं कसलं, आकडे! मी दुर्बिणीतून दोनदा मोजलं आणि दोन वेगळे आकडे आले. ते एकदाच मोजायचे.

त्या वर्षीपासून कचेरीच्या कागदावर मोजणारा म्हणून काकांचा लाल शिक्का उठतो. तायपेईच्या विद्यापीठातली पोरं ताळा करायला म्हणून दुर्बिणी घेऊन आली होती. मीच त्यांना हाकललं. म्हटलं, "तुमच्या दुर्बिणीला तीन पाय आहेत ना? मग ती जाईल चालत घरी." गाव महिनाभर हसत होतं.

दीडशेची अट मी काकांना कधी सांगितली नाही. मुद्दामच. हवा असलेला आकडा माहीत असला की मोजणाऱ्याचा हात वाकतो, हे मी कचेरीत बसून बसून शिकले आहे. उत्तरेचं तळं गेलं तेव्हाही मी एवढंच म्हणाले, "गेलं, काका." त्यांनी मान हलवली आणि पुढचं कालव फोडायला घेतलं.

तळी वाचवायची आमची संघटना दर शरदात पक्षी बघायची चार दिवसांची सहल काढते. दोन दिवस मिठागरं आणि दलदल, तिसऱ्या दिवशी डोंगर, चौथ्या दिवशी सकाळी परत येऊन आमच्या तळ्यावर मोजणी. सहलीचे लोक मोजणी बघतात, टाळ्या वाजवतात, वर्गणी देतात. यंदा मी काकांनाही बसमध्ये घातलं. हा माणूस आयुष्यात देवळाच्या गच्चीपेक्षा उंच चढला नव्हता.

त्यांनी बरोबर लोकरीची टोपी आणि सुक्या माशांची पिशवी घेतली. डोंगराची वळणं सुरू झाली आणि बसभर वास सुटला.

"काका, पिशवीत काय मेलंय?" आमचा ड्रायव्हर माओ ओरडला.

"तुझा मागचा जन्म," काका म्हणाले. "पुढे बघून चालव, नाहीतर हाही पिशवीत घालावा लागेल."

बस हसली. तायपेईहून आलेल्या शाओ बाई, निवृत्त शिक्षिका, सगळ्यात जास्त हसल्या. त्या पहिल्या दिवसापासून काकांना चिकटल्या होत्या. काका त्यांना आकड्यांचं गाणं कसं म्हणायचं ते शिकवत होते आणि बाई दर वेळी तिसावर चुकत होत्या. "बाई, तुमच्याकडून मासे घेतले असते तर माझं तळं रिकामंच राहिलं असतं," असं काका म्हणायचे आणि बाई लाजायच्या. मी मागच्या सीटवर बसून बघत होते. वाटलं, बरं केलं म्हाताऱ्याला आणलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या मळ्यातून चाललो होतो. धुकं नुकतंच वर उचललं जात होतं. पुढच्या वळणावर बांबूच्या बेटातून तित्तर बाहेर आले, एकामागून एक, आणि रस्ता ओलांडायला लागले. सगळे जागच्या जागी थांबले. काकांचं गाणं सुरू झालं, अगदी हळू. पक्षी पलीकडच्या चहात शिरले तसं गाणं संपलं.

"तेरा," काका म्हणाले.

शाओ बाईंनी मोबाइलवर टिपलं होतं. त्यांनी थांबवून थांबवून बघितलं. "चौदा आहेत हो काका."

"तेरा."

"हे बघा ना. बारा, तेरा, आणि हा मागून येतोय तो चौदावा."

कुणीतरी मागून म्हणालं, "काकांना चष्मा लागला!" माझं डोकं तिथंच फिरलं, पण त्या माणसावर. "सहा वर्षं कचेरी यांच्या शिक्क्यावर चालते," मी म्हणाले, "तुमच्या घरातली माणसं तरी तुम्हाला धड मोजता येतात का?"

काकांना राग आला नव्हता. ते बाईंच्या मोबाइलवर वाकले आणि त्यांनी नखानं तो शेवटचा तित्तर दाखवला. "हा ना? हा लंगडतोय बघा. पंखही ओढतोय. हा रात्र काढायचा नाही. याला कशाला मोजू?"

मीही हसले. खरंच हसले. आणि मग ते हसू माझ्या तोंडावर राहिलं आणि आतून गळून गेलं.

"काका," मी विचारलं, "चमचे मोजताना पण?"

"पण काय?"

"लंगडणारा, आजारी, असला दिसला तर सोडून देता?"

"मग!" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मोजणी दोन तऱ्हांची असते का गं आखिंग? जे जगणार नाही ते पिल्लू वाडगा तिरका करून बाजूला सोडायचं. ते जिवंत म्हणून मोजलं तर घेणाऱ्याला फसवलं. आत्यानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. एकदा चुकलो तर वाडगाच डोक्यात घातला होता."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. 

"मागच्या वर्षी उत्तरेला किती सोडले?"

त्यांना आठवावं लागलं नाही. "एकोणीस. पंख लोंबत होते. चार-पाचांची मान तर पाण्याला टेकलेली. दुसऱ्या दिवशी त्यातले सात मेले. पुरले मी, बांधाच्या कडेला. दर वर्षी पुरतो की. तुला ठाऊक नाही?"

एकशे एकोणचाळीस आणि एकोणीस. दुसरीतल्या पोराला येईल अशी बेरीज. मी ती तीनदा केली. तीनही वेळा एकशे अठ्ठावन्नच आले.

तळं गेलं नव्हतं. आम्ही जिंकलो होतो. आठ पक्ष्यांनी जिंकलो होतो, आणि मी पायऱ्यांवर बसून खरेपणाची भाषणं ठोकत होते. आणि दर वर्षी या माणसानं एकट्यानं खड्डे खणून पक्षी पुरले होते, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मला येत नाही ते. मी ओरडले. सहलीच्या सगळ्या लोकांसमोर, भर रस्त्यात. "अकरा कमी पडले म्हणून तळं गेलं, काका! दीडशे लागत होते! दीडशे! आणि तुम्ही एकोणीस बाजूला ठेवले! तुमच्या आत्याच्या वाडग्यात आमचं अख्खं तळं बुडालं!"

काकांनी माझ्याकडे बघितलं.  मग ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. टोपी काढून त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली.

"दीडशे लागतात," ते म्हणाले. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"मीच सांगितलं नाही."

"का?"

"मोजणाऱ्याला सांगायचं नसतं म्हणून."

"बरोबर केलंस," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. "पण आता सांगितलंस ना. आता मला हवा तो आकडा कळला. आता उद्या मी कसा मोजू?"

मी म्हटलं, मोजावंच लागेल, कागदावर तुमचंच नाव आहे, दुसऱ्या कुणाचा शिक्का चालत नाही.  शाओ बाईंनी त्यांना हात धरून बसमध्ये नेलं. त्या दिवशी डोंगरात लोकांनी काय काय बघितलं मला माहीत नाही. जेवणात काकांनी भाताला हात लावला नाही. माओनं एकदा सुक्या माशांवरून खोडी काढायचा प्रयत्न केला, त्यांनी पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. "घे, तुला ठेव." माओ बिचारा पुढे तासभर आरशातून माझ्याकडे रागानं बघत होता.

चौथ्या दिवशी सकाळी सातला आम्ही दक्षिणेच्या तळ्यावर उतरलो. कचेरीचे डेंग साहेब आधीच आले होते. इस्त्रीचा शर्ट, नवे रबरी बूट, हातात कागद. तरुण माणूस, सभ्य, आणि माझं नाव ऐकलं की त्याच्या पोटात दुखतं. ओहोटी होती. पाणी घोट्याएवढं. चमचे पसरलेले, काही चरत होते, बरेचसे चोच पाठीत खुपसून उभे होते.

काका बसमधून उतरले आणि बांधावर उभे राहिले. मोजायच्या जागेकडे गेले नाहीत.

"सुरू करायचं का, काका?" डेंग साहेबांनी विचारलं.

"माझ्याच्यानं होणार नाही. मला आकडा ठाऊक झालाय."

डेंग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं ते लपवत नाही: काकांना बाजूला घ्यावं, कानात सांगावं की एकशे साठ म्हणा आणि शिक्का मारा, एवढंच. कोण तपासणार होतं? तपासणारी पोरं मीच हाकलली होती. पाऊल उचललंही होतं मी. पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघून ते खाली ठेवलं, आणि डेंग साहेबांना सगळं सांगितलं. तित्तर, लंगडा पक्षी, एकोणीस, सात पुरलेले. मागच्या वर्षीचा कागद चुकला, आणि ताळा करू दिला नाही तो दोष माझा, हेही सांगितलं. लोक ऐकत होते. मला असं बोलायची सवय नाही.

"उत्तरेचं आता काही करता येणार नाही," डेंग साहेब हळूच म्हणाले. "तिथं खांब रोवले गेले."

"ते विचारलंय का मी?"

काका ऐकत होते.  मग शाओ बाईंना म्हणाले, "तुमची दुर्बीण लावा. माझ्यामागून मोजा. मी चुकलो की तिथंच बोला, लाजू नका. आणि आखिंग, तू लांब उभी राहा. तू शेजारी असलीस की मला दीडशेच ऐकू येतं."

मी लांब उभी राहिले. माओशेजारी, बसच्या चाकापाशी.

गाणं सुरू झालं. शंभराला एक काडी पडली. मग चाळीस आले, एक्केचाळीस, आणि गाणं थांबलं.

एकशे एक्केचाळीस.

डेंग साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. माओनं माझा दंड धरला, मी ओरडेन म्हणून. मी ओरडले नाही. ओरडायला आत काही उरलंच नव्हतं. नऊ कमी. हेही तळं गेलं.

"थांबा साहेब," काका म्हणाले. "उरलेले राहिलेत."

"कोणते उरलेले?"

"आत्या म्हणायची, हे मोजले तर घेणारा फसतो. काल दिवसभर मी तोच विचार केला. इथं घेणारा कोण आहे? हे पक्षी कोण विकत घेतंय? सहा वर्षं मी कुणाला सांभाळत होतो?" त्यांनी हात वर केला आणि बोट दाखवत मोजायला लागले. गाऊन नाही. या मोजणीला त्यांच्याकडे सूरच नव्हता. एक. दोन. तिथं, बांधाला टेकलेला, तीन. ते साध्या बोलण्यात मोजत होते आणि आम्ही सगळे त्यांच्या बोटामागे बघत होतो. आणि मग आम्हाला दिसायला लागले. झोपलेले वाटत होते त्यांचे पंख पाण्यात पसरले होते. एकाला मान उचलता येत नव्हती, चोच चिखलात रुतली होती. सहा वर्षं मी या तळ्यासाठी भांडते आहे आणि मी पांढरे ठिपके बघत होते. शाओ बाई दुर्बिणीला डोळा लावूनच रडत होत्या.

"सव्वीस," काका म्हणाले.

बाईंनी डोळे न पुसताच मान हलवली. एकूण एकशे सदुसष्ट.

"रकाना एकच आहे," डेंग साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"मग त्यात एकशे सदुसष्ट लिहा," काका म्हणाले, "आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, सव्वीस आजारी. दोन्हीकडे शिक्का मारतो."

डेंग साहेबांनी लिहिलं. माणूस वाईट नाही. लिहून झाल्यावर म्हणाले, "मागची बाजू लिहिली म्हणजे उद्यापासून बांध बंद होणार. डॉक्टर येतील, पाणी बदलतील. या हंगामात इथं सहल नाही, माणूस नाही. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. संघटनेची वर्षाची वर्गणी त्या सहलींवर येते. तो विचार मी दुसऱ्या दिवशी केला.

तळं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पक्ष्यांचे डॉक्टर दुपारी आले, एक मध्यमवयीन बाई आणि दोन मदतनीस. आम्ही पाण्यात उतरून पक्षी उचलून दिले. माझ्या हातात आला तो इतका हलका होता की मी दचकले. वाटलं होतं एवढा मोठा पक्षी, कोंबड्याएवढा तरी जड असेल. नुसती पिसं आणि ऊब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुजलेल्या चिखलातलं विष आहे, सडलेले मासे खाऊन होतं. त्यांनी खोक्यांत भरून सगळे नेले.

नऊ दिवसांनी त्यांचा फोन आला. पाच मेले होते. एकवीस उभे राहिले होते, स्वतःच्या चोचीनं खात होते, दहा-पंधरा दिवसांत सोडता येतील.

मी धावत काकांकडे गेले. त्या दिवसापासून आम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतो. म्हटलं, आता तरी म्हाताऱ्याचा चेहरा खुलेल. ते दारात कालवं फोडत बसले होते. मी धापा टाकत सांगितलं, "काका, एकवीस! एकवीस उभे राहिले!"

सुरी हवेतच थांबली.

"उभे राहिले?"

"हो ना. खातायत."

"मान टेकलेले?"

"तेही. बाई म्हणाल्या, वेळेवर पाणी पाजलं, औषध दिलं तर बहुतेक उठतात."

त्यांचा रंग उतरताना मी बघितला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं मी काय सांगायला आले होते.

"माशाचं पिल्लू एकदा आडवं झालं की उठत नाही," ते म्हणाले. "कधीच नाही. मी लाखांनी बघितलीत. मला वाटलं, सगळ्यांचं तसंच असतं." मग म्हणाले, "सहा वर्षं. मी बांधावर बसून बघत होतो, आखिंग. मेले की पुरायचे म्हणून थांबून राहायचो."

"तुम्हाला काय माहीत असणार."

"मला नव्हतं माहीत. तू तर शिकलेल्यांत ऊठबस करतेस. तू कधी विचारलं का नाहीस, काका, कसे मोजता म्हणून?"

 

त्यांनी सुरी खाली ठेवली, हात धुतले, आणि आतून भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं. म्हणाले, त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर इथं लिही. मोठ्या अक्षरात लिही, मला वाचता येईल असा.